नियम पातळ, वही जाड: ‘केर्न’वर लांब पल्ल्याचं कॅम्पेन कसं चालवायचं

टेबलटॉप रोलप्लेइंग (आरपीजी) म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र घेऊन, बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे. लांब कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी एकच गोष्ट, चालवायचं तर जाडजूड पुस्तकाचा खेळ हवा, आणि हलक्या नियमांचे खेळ एका संध्याकाळच्या वन-शॉटपुरते. मला हे अजिबात पटत नाही. ‘केर्न’ या हलक्या नियमांच्या खेळाचं आमचं कॅम्पेन एकाआड एक शनिवारी चालतं आणि आता दुसऱ्या वर्षात आहे. त्याआधी मी घेतलेली दोन कॅम्पेनं सहाव्या-सातव्या सेशनला बंद पडली होती. खेळ तेव्हाही हाच होता, बरेचसे खेळाडूही हेच. फरक पडला तो वहीमुळे.

जड नियमांच्या खेळात बरीच कामं पुस्तकच उरकतं. कॅरेक्टरची, म्हणजे खेळाडूच्या पात्राची, लेव्हल (पायरी) वाढली की नवी ताकद मिळते, म्हणजे पुढच्या शनिवारी यायला कारण मिळतं. भिंत चढायला काय लागतं हे छापलेलं असतं, म्हणून वाद होत नाहीत. हलक्या खेळात ही कामं कुणी करत नाही. ती उचलावी लागतात, आणि ती गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, वहीवर येऊन पडतात. वही म्हणजे दोनशे पानी, साधी. ती कशी भरायची तेच पुढे क्रमाने लिहिते.

खेळ आधी नीट ओळखून घ्या

‘केर्न’ योकाई गाल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बेन मिल्टन यांचा ‘नेव्ह’ आणि ख्रिस मॅक्डॉवल यांचा ‘इन्टू द ऑड’ या दोन खेळांच्या पायावर तो उभा आहे. दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. मी पुढे जे सांगतेय ते पहिल्या आवृत्तीच्या नियमांवर. नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोफत मिळतो, त्यामुळे मूळ लेखकाचं श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून त्याचं मराठी करून वाटताही येतं. आम्ही दोन पानांचं मराठी टिपण केलं आणि प्रत्येकाच्या हातात दिलं. ज्यांनी आधी कधीच आरपीजी खेळला नव्हता त्यांना त्या दोन पानांचा फार आधार झाला.

नियम थोडक्यात असे. तीन गुण: ताकद, चपळाई, मनोबल. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. एचपी (हिट पॉइंट) एका फाशाचे, म्हणजे १ ते ६. हे एचपी रक्ताचे नव्हेत, मार चुकवण्याच्या दमाचे आहेत. चार क्षण बसून पाणी प्यायलं की भरून येतात. खरा धोका असेल तेव्हाच सेव्ह: वीस बाजूंचा फासा गुणाइतका किंवा त्याहून कमी आला की निभावलं. लढाईत ‘वार लागला का’ असा फासाच नाही. वार लागतोच, हत्याराचा फासा टाका, समोरच्याचं चिलखत वजा करा. एचपी संपले की उरलेला मार ताकदीवर जातो, आणि तिथला सेव्ह हुकला की माणूस कोसळतो. लेव्हल नाही, एक्सपी (अनुभवाचे गुण) नाहीत.

लांब पल्ल्याच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. एक, सामानाच्या १० जागा. दहाही भरल्या की एचपी थेट शून्य. थकवा आला की तोही एक जागा अडवतो. मंत्राची पोथी एक जागा घेते, आणि मंत्र वापरला की वर थकव्याची आणखी एक जागा. आमच्या टेबलवर सगळेच सह्याद्रीत भटकणारे, त्यामुळे हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही. दुसरी गोष्ट व्रणांच्या तक्त्याची; तिच्याकडे पुढे येते.

सेशन झिरो: तासाभराचं बोलणं

पहिल्या भेटीत फासे काढूच नका. चहा ठेवा आणि चार गोष्टी पक्क्या करा. वार आणि वेळ कोणती. किमान किती जण आले तर खेळायचं. आमच्याकडे पाचांपैकी तीन. कोणते विषय टेबलवर येऊ द्यायचे नाहीत. हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यावं, कारण समोरासमोर सांगायला माणूस संकोचतो. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: कॅरेक्टर मरू शकतं हे मोकळेपणाने सांगा. ‘केर्न’मध्ये मार हुकत नाही, त्यामुळे अविचाराने केलेली लढाई दोन फेऱ्यांत जीव घेते. हे आधी सांगितलेलं नसेल तर तिसऱ्या सेशनला कुणीतरी मनापासून दुखावतं.

नकाशा लहान ठेवा, पण ओळखीचा

पहिल्या कॅम्पेनला मी अख्खा खंड आखला होता. राज्यं, राजवंश, समुद्र. खेळाडूंनी त्यातलं एक गाव पाहिलं. आता एका ए-फोर कागदावर मावेल एवढंच आखते: एक सुरक्षित वस्ती आणि तिच्यापासून दिवसभराच्या चालीत येणाऱ्या सहा-सात जागा.

या खेपेला जुन्नर आणि नाणेघाट घेतलं, सातवाहन काळावर बेतलेलं, थोडी अद्भुताची भर घालून. जुन्नरहून नाणेघाट उतरून कोकणात, पुढे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा हा व्यापारी रस्ता. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं परंपरा सांगते. शेजारी जीवधन किल्ला. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशी लेणीच लेणी. साहसासाठी याहून काय हवं? शिवाय आमच्यातल्या चौघांनी तो घाट स्वतः चढलेला. ‘तुम्ही घाटाच्या निम्म्यावर आहात आणि ढग उतरलाय’ एवढं म्हटलं की पुढचं वर्णन ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पन्हाळ्याभोवती खेळा, रत्नागिरीचे असाल तर खाडीवर खेळा. पायांनी पाहिलेली जागा निवडा.

जागांनंतर गट. तीनच घ्या, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असू द्या. मी ते जुन्नरच्या शिलालेखांतून उचलले. त्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी (व्यावसायिकांचा संघ) येते, बांबूचं काम करणाऱ्यांची येते, कासारांची येते. आमच्या खेळात धान्यवाल्यांना घाटाची जकात कमी करून हवी आहे, बांबूवाल्यांना जंगलाचा एक बंद झालेला भाग परत हवा आहे आणि लेण्यांतल्या भिक्खूंना एका टाक्याचं पाणी कुणी उपसू नये असं वाटतं. का, ते तेवढ्यांनाच ठाऊक. एवढ्या तीन वाक्यांवर आम्ही चौदा सेशन खेळलो.

खजिन्याचा तक्तासुद्धा असाच मिळाला. नाणेघाटाच्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणजे यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणांची यादी: गायी, हत्ती, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी). सोन्याच्या नाण्यांची पिशवी मिळाली की खेळाडू ती खिशात टाकतो आणि विसरतो. एक हत्ती मिळाला की त्याला चारा कुठून आणायचा, घाट कसा उतरवायचा, कुणाला विकायचा, अशी तीन सेशनची सोय होते. खजिना देताना शक्यतो सांभाळावा लागेल असाच द्या.

रुलिंगचं पान: इथेच कॅम्पेन तरतं किंवा बुडतं

दुसरं कॅम्पेन मोडलं ते एका दोरावरून. तिसऱ्या सेशनला एक जण कातळ चढत होता, दोर होता, मी म्हटलं चढलास. सहाव्याला दुसरी चढत होती, दोर होता, आणि मी सेव्ह मागितला. फासा पडला, ती खाली आली, ताकद चार झाली. ती शांतपणे म्हणाली, “अगं, मागे त्याला दोर होता म्हणून फासा टाकायला लावला नाहीस. मग मला का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते आठवतच नव्हतं. तिच्या दृष्टीने जगाचा नियम माणूस बघून बदलला होता, आणि तिचं बरोबरच होतं. सातव्या सेशननंतर आम्ही थांबलो.

हलक्या नियमांत गेम मास्टरचा प्रत्येक निर्णय हाच कायदा असतो. एका संध्याकाळपुरता तो डोक्यात राहतो. वर्षभर राहत नाही. म्हणून वहीचं शेवटचं पान उलटं धरून तिथून रुलिंग, म्हणजे असे निर्णय, लिहायला सुरुवात करा. आमच्या पानावरच्या काही ओळी जशाच्या तशा देते:

सेशन २. दोर आणि वर बांधायला पक्की जागा असेल तर चढायला सेव्ह नाही.
सेशन ५. ओला कातळ: दोर असला तरी चपळाईचा सेव्ह. हुकला तर पडत नाही, हातातली वस्तू खाली जाते.
सेशन ८. अंधारात पोथी वाचता येत नाही. काजव्यांच्या उजेडात येते (सगळ्यांनी आग्रह केला).
सेशन ११. जखमी माणूस उचलून न्यायला चार जागा लागतात, दोघांत वाटता येतात.

लिहायची पद्धत अशी. खेळताना निर्णय लगेच द्या, पुस्तक चाळत बसू नका. त्याच क्षणी एका ओळीत टिपा. आमच्याकडे हे काम खेळाडू आळीपाळीने करतात, त्यामुळे ओळ माझ्या नव्हे, त्यांच्या शब्दांत उतरते आणि मला त्यातून पळवाट काढता येत नाही. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला मागच्या वेळच्या ओळी मोठ्याने वाचा. कुणाला एखादी खटकली तर तेव्हाच बोलायचं, फासे हातात घेण्यापूर्वी. चालू सेशनमध्ये जुनं रुलिंग फिरवायचं नाही, ते चुकीचं आहे हे कळलं तरी. पुढच्या वेळी फिरवा, सगळ्यांसमोर, खाडाखोड दिसू द्या.

आणि हे सगळं दोन पानांत मावलं पाहिजे. दोन पानं भरली की बसून जुन्या ओळी खोडा किंवा दोन-तीन मिळून एक करा. ते केलं नाही तर तुम्ही हळूहळू तोच जाडजूड खेळ हाताने लिहून काढाल.

लेव्हल नाही, मग वाढ कुठली?

आता व्रणांचा तक्ता. एचपी बरोबर शून्यावर आले, कमी नाही की जास्त नाही, तर त्या घावात किती एचपी गेले तो आकडा तक्त्यात पाहायचा. आमच्या एका वाटाड्याचे चार एचपी होते आणि रानडुकराच्या एका धडकेत चारही गेले. तक्त्यात चार म्हणजे हाड मोडलं. कुठलं, ते पाहायला एक फासा: दोन आला, पाय. बरा झाल्यावर दोन फासे टाकायचे आणि बेरीज जुन्या एचपीपेक्षा जास्त आली तर तेच नवे एचपी.

तो पाय बरा व्हायला खेळातले जवळजवळ दोन महिने गेले. तेवढा काळ तो बांबूवाल्यांच्या वस्तीत पडून होता. खेळाडूने विचारलं, पडल्या पडल्या मी त्यांचं काम शिकू शकतो का? मी हो म्हटलं. दोन फाशांत नऊ पडले. वाटाड्या उठला तो नऊ एचपी घेऊन, किंचित लंगडत, आणि दोन तासांत बांबूची शिडी बांधता येणारा एकमेव माणूस म्हणून. आजही कुठे कडा आडवा आला की सगळे त्याच्याकडे बघतात. कुठल्याही लेव्हलने त्याला हे दिलं नसतं.

वाढ द्यायची ती अशी, घडलेल्या गोष्टीतून. अंगावरची खूण, हातातली खास वस्तू, शिकलेलं कसब, मिळालेलं नातं, मालकीची जागा. दर तीन सेशननंतर वहीत प्रत्येक कॅरेक्टरपुढे एक ओळ लिहा: हिला आता असं काय करता येतं जे सुरुवातीला येत नव्हतं? ओळ रिकामी राहिली तर पुढच्या वेळी तिच्या वाटेवर एक गुरू, एक देणेकरी किंवा एक पडका वाडा ठेवा. कसब शिकवणाऱ्याने मोबदला मागितलाच पाहिजे, आणि तो पैशांत नसावा.

एका मोहापासून मात्र सांभाळा. खेळाडू खूश व्हावेत म्हणून चिलखत वाटू नका. नियमांत चिलखताची कमाल मर्यादा ३ आहे आणि ती मुद्दाम आहे. बहुतेक हत्यारांचा फासा सहा किंवा आठ बाजूंचा. पुढ्यात तीनचं चिलखत असेल तर निम्म्याच्या आसपास वार वाया जातात आणि लढाईतली भीती निघून जाते.

दोन सेशनच्या मधला अर्धा तास

एवढीच तयारी पुरते, पण ती चुकवू नका. प्रत्येक गटासाठी वहीत एक वर्तुळ काढा आणि त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करा; हे त्या गटाचं घड्याळ. या घड्याळांची कल्पना ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात २०१० साली होती आणि जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने २०१७ मध्ये ती घरोघरी पोचवली. वर्तुळ भरलं की त्या गटाला हवं ते मिळालं. ‘केर्न’मध्ये नशिबाचा फासा म्हणून एक साधी सोय आहे: सहा बाजूंचा फासा, चार किंवा वर म्हणजे खेळाडूंच्या बाजूने. मी तोच वापरते. एक ते तीन आला की एक भाग भरतो. खेळाडूंनी त्या गटाला मुद्दाम अडवलं असेल तर फासा टाकतच नाही.

भरलेला भाग गावात दिसला पाहिजे, एरवी तो फक्त तुमच्या वहीतला खेळ होतो. धान्यवाल्यांचं घड्याळ एक घर सरकलं तर बाजारात ज्वारी महाग झालेली असते, कुणीतरी सहज बोलून जातं. उरलेल्या वेळात तीन अफवा लिहा: एक खरी, एक अर्धी खरी, एक जुन्या सेशनमधल्या कुणाची तरी खबर. ही तिसरी कधीच गाळू नका. चौथ्या सेशनला सोडून दिलेला चोर बाराव्याला जकातीच्या नाक्यावर कारकून म्हणून भेटला, तेव्हा टेबलवर जो आरडाओरडा झाला तो मी विसरणार नाही.

पावसाळ्याचा उपयोग करा

कॅम्पेनमध्ये काळ पुढे सरकला नाही तर पन्नास साहसं एका महिन्यात उरकतात आणि सगळं खोटं वाटू लागतं. वहीत चैत्र ते फाल्गुन असे बारा रकाने आखा आणि प्रत्येक सेशन कोणत्या पंधरवड्यात झालं ते लिहा.

आमच्याकडे आषाढ लागला की घाट बंद. बौद्ध भिक्खू पावसाचे महिने एका जागी राहत, वर्षावास करत. लेण्यांमागचं एक कारण तेही. त्यावरून आम्ही चातुर्मासाचं सेशन ठरवलं. वर्षातून एकदा, साहस नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: कुठे राहिलो, काय शिकलो किंवा बांधलं, आणि कुणाशी बिनसलं. जखमा भरतात, पैसे संपतात, सगळ्या घड्याळांचे दोन-दोन फासे पडतात. आमच्यातल्या दोघांना संपूर्ण वर्षातलं हे सेशन सर्वांत जास्त आवडतं.

हजेरी आणि मरण

मोठ्या माणसांच्या टेबलवर कुणी ना कुणी गैरहजर असणारच. त्यावर सगळ्यांत चांगला उपाय बेन रॉबिन्स यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ कॅम्पेनमधला: प्रत्येक सेशन गावातून सुरू, गावात संपतं. जो आला नाही त्याचं कॅरेक्टर गावात राहिलं, एवढंच. यासाठी घड्याळाकडे लक्ष हवं. संपायला चाळीस मिनिटं उरली की “परतीचा विचार करा” असं मी स्पष्ट सांगते.

आमच्यातली एक जण मध्येच जर्मनीला गेली, ती व्हिडिओ कॉलवर असते. मधल्या नकाशावर दुसरा मोबाइल उभा धरतो आणि तिचे फासे तीच टाकते, आम्ही विश्वास ठेवतो. तुमच्याकडेही कुणी तिकडे असेल तर एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी साडेचार. आमची एक शनिवारची अख्खी संध्याकाळ या एका तासाने खाल्ली.

कॅरेक्टर मेलं तर लगेच पुढे धावू नका. पाच मिनिटं थांबा, बाकीच्यांना बोलू द्या. नवं कॅरेक्टर बनायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण ते हवेतून आणू नका. सोबतचा हमाल, गावातली वैदूची मुलगी, सोडवलेला कैदी, असं आधी भेटलेलं कुणीतरी उचला. नव्याला मेलेल्याची एक वस्तू आणि एक अपुरं काम वारशाने मिळतं, हा आमचा नियम सेशन ६ च्या ओळीत आहे.

हंगाम संपवायला शिका

कॅम्पेन ‘जमेल तोवर’ चालवू नका. तसं केलं की ते कुणाच्या तरी बदलीने किंवा परीक्षेने अर्ध्यात तुटतं आणि मनात खटकत राहतं. दहा-बारा सेशनचा एक हंगाम धरा. शेवटच्या दोन सेशनआधी घड्याळांची पानं खेळाडूंना उघडी करून दाखवा. काय भरत आलंय हे कळलं की कुठे धावायचं ते तेच ठरवतात.

हंगामानंतर महिनाभर सुट्टी घ्या, त्या काळात दुसऱ्या कुणाला वन-शॉट घेऊ द्या. मग नवी वही. तिच्या पहिल्या पानावर मी चारच गोष्टी उतरवते: अजून खोडलेली नसलेली रुलिंग, जिवंत असलेल्यांची नावं आणि ती माणसं सध्या कुठे आहेत, मेलेल्यांची नावं आणि त्यांना कुठे पुरलं किंवा जाळलं, आणि खेळाडूंनी विचारलेले पण सुटले नसलेले प्रश्न. जुनी वही टेबलवर राहते, कुणीही चाळावी अशी. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या सेशनला वाटाड्याच्या खेळाडूने तीच उघडून रानडुकराचं पान शोधलं आणि विचारलं, “ते डुक्कर कुणाचं होतं? त्याच्या कानात कडी होती असं इथे लिहिलंय.” आमचा दुसरा हंगाम तिथून सुरू झाला.